पेरूवरचे पाहुणे

थंडीचे दिवस. पाचगणीत सकाळी सातची वेळ. खाली कृष्णेच्या खोऱ्यात धुके भरलेले असते. वर टेबल लँडच्या कडेवर उन्हाची पहिली तिरीप येते. मी ओसरीवर चहा घेत बसलेला असतो.

तेवढ्यात लांबून आवाज येतो. तुई... तुई... तुई!

आवाज जवळ येतो. हिरव्या बाणांसारखे पाच-सात पक्षी सिल्व्हर ओकच्या शेंड्यांवरून सरळ खाली येतात. आमच्या परसातल्या पेरूवर बसतात, आणि एकदम दिसेनासे होतात! हिरव्या पानांत हिरवे पोपट. पान हलले, की कळायचे, तिथे कोणी आहे.

हे आमचे पाहुणे. मी त्यांना बोलावलेले नाही. ते पेरूसाठी येतात. खातात, भांडतात आणि निघून जातात. या पाहुण्यांनी मला जे शिकवले, ते आज तुम्हांला सांगायचे आहे. मी चाळीस वर्षे पोरांना शिकवले. पण हा धडा मी फार उशिरा शिकलो.

आजोबा, एक धरू या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नातू सुट्टीला आला होता. वय वर्षे नऊ. त्याने पोपट पाहिले आणि नाचायलाच लागला.

"आजोबा, एक धरू या ना! पिंजरा आणू. त्याला बोलायला शिकवू."

शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडे धुणे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "धरा की गुरुजी. पोराची हौस. आमच्या माहेरी बी व्हता राघू. विठ्ठल विठ्ठल म्हनायचा."

मी काही बोललो नाही. मला आमचा मिठू आठवला.

मिठूची गोष्ट

१९८७ साल असेल. मी तरुण शिक्षक होतो. आठवड्याच्या बाजारात एक माणूस टोपलीत पोपटाची पिल्ले घेऊन बसला होता. अंगावर पुरती पिसेही नव्हती. मी एक पिल्लू विकत घेतले. मिठू त्याचे नाव.

पाच वर्षे मिठू आमच्या दारात टांगलेला होता. पेरू, मिरची, भिजवलेली डाळ, सगळे त्याला मिळे. "गुरुजी आले, गुरुजी आले" असे तो म्हणे. येणारा-जाणारा कौतुक करी. मलाही फार अभिमान वाटे.

सकाळी वरून थवा गेला, की मात्र मिठू गप्प होई. मान तिरकी करून वर पाही. मग पिंजऱ्याची तार चोचीने वाकवू लागे. मी म्हणत असे, "बघा, कसा खेळतोय!" तो खेळ नव्हता. हे मला तेव्हा कळले नाही.

पुढे एका मासिकात मी कायद्याची माहिती वाचली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आहे. १९९०-९१ पासून आपल्या देशातल्या रानपक्ष्यांचा व्यापारही बंद झाला आहे. मला लाज वाटली. मुलांना मी नागरिकशास्त्र शिकवत होतो, आणि माझ्याच दारात हे! त्याच दिवशी संध्याकाळी मी पिंजऱ्याचे दार उघडले. मिठूला हातावर घेतले आणि वर उडवले.

मला वाटले, आपण पुण्य केले.

मिठू दहा-बारा हात उडाला आणि भुईवर पडला. पाच वर्षे ज्याने पंख पसरले नव्हते, त्याच्या पंखांत बळ कुठून येणार? मी धावलो. माझ्याआधी मांजर पोचले.

बाबांनो, माझ्या हातून एक नव्हे, दोन चुका झाल्या. पहिली, त्याला पिंजऱ्यात घातले. दुसरी, काही विचार न करता त्याला सोडले. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही. मांजर, कावळा, ससाणा हे वैरी आहेत, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून तुमच्या घरी किंवा शेजारी असा पोपट असेल, तर पिंजरा उघडून त्याला हाकलू नका. वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात वनखात्याचा फोन क्रमांक १९२६ आहे. अशा पक्ष्याला आधी सांभाळतात, उडण्याची सवय करवतात. मग तो रानात जगेल की नाही, हे पाहूनच सोडतात.

ही सगळी गोष्ट मी नातवाला सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आजोबा, आपण फोटो काढू."

पोराने मला वाट दाखवली.

आधी ओळख, मग फोटो

माणसाचा फोटो काढायचा, तर आधी त्याची ओळख हवी. पक्ष्याचेही तसेच आहे. आपण सगळ्या हिरव्या पक्ष्यांना सरसकट राघू म्हणतो. पण नीट पाहा. त्यांच्यात जाती आहेत.

आमच्या पेरूवर जास्त करून लाल डोक्याचे पोपट येतात. नराचे डोके पिकल्या जांभळावर गुलाल उडवावा तसे दिसते. गळ्यात बारीक काळी रेघ. शेपटीचे टोक पांढरे. मादीचे डोके राखी-निळसर, आणि गळ्याशी पिवळसर पट्टा. "तुई तुई" असा गोड आवाज यांचाच.

दुसरा आपला नेहमीचा पोपट. गावात, शेतात, देवळाच्या शिखरावर दिसतो तो. चोच लालभडक. आवाज कर्कश. नराच्या गळ्यात काळा आणि गुलाबी कंठ असतो. मादीला कंठ नसतो. नराला तरी तो जन्मतः कुठे असतो? कंठ फुटायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून कंठ दिसला नाही, की लगेच "ही मादी" असे म्हणू नका. ते तरणे पोरही असेल.

तिसरा निळ्या पंखांचा पोपट. हा आपल्या सह्याद्रीचा. पश्चिम घाट सोडून जगात दुसरीकडे कुठल्याही रानात हा राहत नाही. परदेशातले लोक त्याला पाहायला इतक्या लांब येतात, आणि आपण मान वर करून पाहत नाही!

चौथा सगळ्यांत लहान. चिमणीएवढा. शेपूट आखूड, पाठीमागे लाल डाग. रात्री हा वटवाघळासारखा उलटा लटकून झोपतो. हा मुख्यतः दाट झाडीत असतो आणि फुलांतला मध पितो.

आता एक गंमत. आपण म्हणतो, "राघू-मैनेची जोडी." गाण्यात ठीक आहे. पण मैना ही पोपटाची मादी नव्हे. ती साळुंकीच्या घराण्यातली. राघूची बायकोही राघूच्याच जातीची असते.

पोपटाचा पाय पाहा. चिमणीची तीन बोटे पुढे आणि एक मागे. पोपटाची दोन पुढे, दोन मागे. म्हणून त्याला फळ मुठीत धरता येते, जसे आपण भाकरी हातात धरून खातो. आणि तो मिरची खातो, तरी हाय-हुय करत नाही. का? मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांच्या जिभेला झोंबतच नाही.

एक वही करा

तुम्ही आता लिहायला शिकलात. लिहिता येते, पण लिहायचे काय, असे पुष्कळजण विचारतात. मी सांगतो. एक वही घ्या आणि तिच्यात पाहुण्यांची नोंद करा. माझ्या वहीतले एक पान असे आहे :

तारीख : १२ जानेवारी
वेळ : सकाळी सव्वासात
झाड : पेरू
किती आले : ७ (लाल डोक्याचे ३, राखी डोक्याचे ४)
काय केले : पाच पेरू फोडले. एक खाली पडला, तो खारीने नेला.
किती वेळ होते : १० मिनिटे. मांजर दिसताच उडाले.

सहा ओळी. बस्स. पण वर्षभर अशा ओळी लिहिल्या, की पाहुणे कधी येतात, कधी येत नाहीत, पांगारा फुलला की कुठे जातात, हे सगळे आपोआप कळते. मी हे कुठल्या पुस्तकात वाचले नाही. माझ्याच वहीने मला सांगितले.

मोठी माणसेही असेच करीत. डॉ. सलीम अली यांचा जन्म मुंबईत १८९६ साली झाला. लहानपणी त्यांनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. तिथे त्यांना पक्ष्यांचे नवे जग दिसले. पुढे सारा जन्म त्यांनी पक्षी पाहण्यात आणि नोंदी करण्यात घालवला. आपले मारुती चितमपल्ली सोलापूरचे. ते वनखात्यात अधिकारी होते. रानात हिंडले, आदिवासींकडून शिकले, आणि मराठीत पक्षिकोश लिहिला. २०२५ साली ते वारले. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. म्हणून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात.

फोटो कसा काढावा

पूर्वी कॅमेऱ्यात रोळ घालावा लागे. एका रोळात छत्तीस फोटो. पैसे मोजून काढायचे. आता घरोघरी मोबाइल आहे. दिवसाला शंभर फोटो निघतात. पण शंभरांत एक चांगला निघायचा, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, धीर. पहिले आठ दिवस फोटो काढूच नका. रोज त्याच वेळी, त्याच जागी, गुपचूप बसा. भडक कपडे नकोत. तुमची पोपटांना सवय होऊ द्या. मी खिडकीच्या आत बसतो. नवव्या दिवशी एक नर माझ्यापासून सात-आठ हातांवर येऊन बसला.

दुसरी, ऊन. ऊन तुमच्या पाठीकडून पोपटावर पडले पाहिजे. ऊन समोरून आले, तर पोपट काळा ठिपका दिसतो. सकाळचे कोवळे ऊन उत्तम.

तिसरी, हात. हात हलला, की फोटो पुसट येतो. कापडी पिशवीत दोन शेर ज्वारी भरा. ती खिडकीच्या कठड्यावर ठेवा आणि तिच्यावर मोबाइल टेकवा. यापेक्षा चांगले आणि स्वस्त साधन नाही. काम झाले, की ज्वारी परत डब्यात!

चौथी, डोळा. मोबाइलच्या काचेवर, जिथे पक्ष्याचा डोळा दिसतो, तिथे बोट लावा. डोळा स्वच्छ आला, तर फोटो जिवंत वाटतो.

पाचवी, मोकळी फांदी. पानांत फोटो येत नाही. पोपट येताना आणि जाताना क्षणभर उघड्या फांदीवर बसतो. ती फांदी कोणती, हे वहीतून कळते. तिच्यावरच नजर ठेवा.

सहावी, फ्लॅश बंद. मोबाइलचा आवाजही बंद. टाळ्या वाजवून, खडा मारून पोपट उडवू नका. उडतानाचा फोटो हवा असेल, तर तो आपणहून उडेपर्यंत थांबा.

मी परसात पाण्याचे एक उथळ मातीचे भांडे ठेवतो. रोज घासतो, रोज पाणी बदलतो. चैत्र-वैशाखात त्याच्यावर चांगले फोटो मिळतात. खाणे मात्र मी मांडत नाही. भजी, फरसाण, शिळा भात पोपटाला घालू नये. त्याला पेरू आहे, उंबर आहे, रान आहे.

माझा सगळ्यांत चांगला फोटो

आता जे सांगतो, ते सांगायला मला जड जाते. पण शिक्षकाने आपली चूक झाकू नये.

मागल्या वर्षी फाल्गुनात, वस्तीच्या कडेला वठलेल्या आंब्याच्या ढोलीतून एक राखी डोके बाहेर आलेले मी पाहिले. लाल डोक्याच्या पोपटाची मादी. पोपट काट्याकुट्यांचे घरटे बांधत नाही. झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. मी दोन दिवस लांब बसून फोटो काढला. ढोलीची गोल कड, तिच्यातून डोकावणारे ते डोके, आणि चोचीवर सकाळचे ऊन. असा फोटो मला पुन्हा मिळाला नाही.

मला मोह झाला. मी तो मोबाइलवरून दहा जणांना पाठवला. खाली लिहिले, अमक्या ओढ्याजवळचा आंबा. दहांनी शंभरांना पाठवला.

आठव्या दिवशी गेलो, तर ढोल कोयत्याने फोडलेली. आत काही नव्हते. नर-मादी वरून घिरट्या घालत होती. तीन संध्याकाळी मी त्यांचा आवाज ऐकला. चौथ्या संध्याकाळी तीही गेली.

वनखात्याला कळवले. माणसे आली, पंचनामा झाला. पिल्ले काही सापडली नाहीत. कोणी नेली, ते मला ठाऊक नाही. ढोल फोडणारा हात दुसऱ्याचा होता. पण वाट मी दाखवली होती.

म्हणून माझे सांगणे आहे. घरट्याचा फोटो काढू नका. चुकून काढला, तर कोणाला पाठवू नका. मोबाइल फोटोबरोबर जागेचीही नोंद ठेवतो. ती नोंद बंद करा. येत नसेल, तर घरातल्या शिकलेल्या पोराकडून करून घ्या. पोपटाला पिंजऱ्यात धरणे वाईट, हे आपल्याला कळते. पण नुसता फोटो काढूनही आपण त्याला पकडून देऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

शेतकऱ्याचा प्रश्न

हे सगळे मी एकदा पारावर सांगत होतो. एक शेतकरी बंधू उठले.

"गुर्जी, तुमचं बरं हाय. तुमचं पेन्शन काय पोपट खात न्हाई. माझं मक्याचं कणीस खातोय त्यो. खातोय थोडं आन् नासतोय लई. म्या काय फोटू काढत बसू?"

त्यांचे खरे होते. पोपट खातो त्याहून जास्त नासाडी करतो. मी म्हणालो, "पाव्हणं, राखण करायला कोण नको म्हणतो? आपले वाडवडील माळ्यावर बसून राखण करीत. तुम्हीही करा. डबा वाजवा. चमकणारी फीत बांधा. पण तिची जागा दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर पोपट तिला भीत नाही. पेरूच्या फळांना वाढत असतानाच पिशव्या घाला. कणीस तयार झाले, की काढायला उशीर करू नका. फक्त फास लावू नका, विष घालू नका. विषाने पोपट मरतो आणि तुमची कोंबडीही मरते. शिवाय कायद्याने गुन्हा होतो, तो वेगळाच."

ते म्हणाले, "आन् तुमच्या पेरूचं काय?"

मी म्हणालो, "खालच्या फांद्या माझ्या. वरच्या पाहुण्यांच्या."

सगळे हसले. तेही हसले. पण जाताना म्हणाले, "बघतो. पिशव्या घालून बघतो."

नातवाचा फोटो

या थंडीत नातू पुन्हा आला. आठ दिवस ज्वारीच्या पिशवीजवळ बसला. नवव्या दिवशी त्याने फोटो काढला. थोडा पुसट आहे. पोपटाची शेपटी चौकटीबाहेर गेली आहे. पण लाल डोके आहे, काळी रेघ आहे, आणि एका पायात अर्धा पेरू आहे.

आम्ही तो वाईला नेऊन छापून घेतला. ओसरीवर ज्या खिळ्याला मिठूचा पिंजरा टांगलेला असे, त्याच खिळ्याला तो लावला आहे. वहिनी परवा तो पाहून म्हणाल्या, "ह्यो राघू बोलत न्हाई व्हय गुरुजी?"

मी म्हणालो, "बोलतो की. उद्या सकाळी सातला या. पेरूवर बसून बोलतो."

उत्तरे लिहा

१. कंठ नसलेला पोपट मादीच असतो का? कारण लिहा.
२. पिंजऱ्यातला पोपट एकदम सोडला, तर काय होते? त्याऐवजी काय करावे?
३. फोटो काढताना ऊन कोणत्या बाजूला असावे?
४. घरट्याचा फोटो दुसऱ्याला का पाठवू नये?
५. उद्या सकाळी तुमच्या अंगणात किंवा शेतात जो पक्षी पहिल्यांदा दिसेल, त्याच्याविषयी पाच ओळी लिहा. तारीख आणि वेळ घालायला विसरू नका.